वीस रुपयांचा भागाकार : भारताच्या दरडोई उत्पन्नाची कहाणी

'दरडोई उत्पन्न' हा शब्द आपल्या पाठ्यपुस्तकांत इतक्या वेळा येतो की मुले तो पाठ करतात आणि पेपर संपला की विसरून जातात. वास्तविक हा एक साधा भागाकार आहे. देशात वर्षभरात जे पिकले, जे घडवले गेले, जी सेवाचाकरी झाली, त्या सर्वांची किंमत हा भाज्य; देशातील माणसांची संख्या हा भाजक. पथ्य एवढेच की एकच वस्तू दोनदा मोजायची नाही. गहू, त्या गव्हाचे पीठ आणि त्या पिठाचा पाव अशी तिहेरी गणती झाली तर देश कागदावर श्रीमंत दिसेल आणि ताटात काहीच वाढणार नाही. पाचवीतल्या मुलाला जमेल असे हे गणित. परंतु आपल्या देशात ते पहिल्यांदा मांडले गेले तेव्हा राज्यकर्ते चांगलेच अस्वस्थ झाले, आणि तेव्हापासून या आकड्यावरचा वाद काही संपलेला नाही. हा आकडा कोठून आला, किती काळ अडून राहिला, केव्हा हलला आणि त्यात कोण मोजले जाते, हे पालकांनी व विद्यार्थिमित्रांनी एकदा नीट पाहावे, म्हणून हा लेखनप्रपंच.

हा भागाकार मांडणारे गृहस्थ मूळचे गणिताचे शिक्षक होते, ही गोष्ट मला शिक्षक या नात्याने फार आवडते. दादाभाई नौरोजी हे मुंबईच्या एल्फिन्स्टन कॉलेजात गणित शिकवणारे पहिले हिंदी प्राध्यापक. पुढे ते व्यापारानिमित्त विलायतेस गेले, १८९२ साली ब्रिटिश पार्लमेंटचे सभासदही झाले. तत्पूर्वी, १८७० च्या सुमारास त्यांनी हिशेब केला तो असा : ब्रिटिश अमलाखालील हिंदुस्थानचे एकंदर वार्षिक उत्पादन सुमारे ३४० कोटी रुपये, लोकसंख्या सुमारे १७ कोटी, म्हणून दर माणशी वर्षाला २० रुपये. १८७६ साली ईस्ट इंडिया असोसिएशनच्या मुंबई शाखेपुढे त्यांनी 'हिंदुस्थानचे दारिद्र्य' या विषयावर निबंध वाचले आणि या वीस रुपयांचा प्रांतवार तपशील मांडला.

तो तपशील मिळवणे सोपे नव्हते. सरकारचे अहवाल होते, पण ते चुकीच्या रीतीने केलेले होते. दर जिल्ह्याचे एकरी उत्पन्न मांडायचे, त्यांची बेरीज करायची आणि जिल्ह्यांच्या संख्येने भागायचे, अशी अधिकाऱ्यांची पद्धत. जिल्हा लहान असो वा मोठा, त्याला सारखेच वजन. हा घोटाळा किती मोठा होतो ते उदाहरणाने पाहू. समजा, एका भागात १०० एकरांवर एकरी ८ मण पिकले आणि दुसऱ्या भागात १०,००० एकरांवर एकरी ४ मण पिकले. साहेबांची सरासरी ६ मण. खरी सरासरी ४ मणांहून जेमतेम किंचित अधिक. दादाभाईंनी हे अहवाल एकेक करून तपासले, लागवडीखालची जमीन, पीक आणि भाव यांचा गुणाकार नव्याने केला आणि वर गिरण्या, खाणी, मीठ इत्यादींची भर घातली. एखाद्या चिकाटीच्या मास्तराने वर्गाच्या वह्या तपासाव्यात तसे हे काम त्यांनी केले.

पण नुसता '२० रुपये' हा आकडा ऐकून कोणाला काय समजणार? तो जास्त की कमी? येथे दादाभाईंनी जी युक्ती योजली तिला माझ्या मते तोड नाही. त्यांनी सरकारच्याच तुरुंगांचे अहवाल काढले. मुंबई इलाख्यात दरडोई उत्पादन सुमारे २२ रुपये, आणि त्याच इलाख्यात एका कैद्याच्या केवळ अन्नवस्त्रावर सरकार वर्षाला खर्च करी सुमारे ४७ रुपये! इतर प्रांतांतही कैद्यावरचा खर्च दरडोई उत्पादनाहून अधिकच निघाला. म्हणजे जो माणूस कोणताही गुन्हा न करता आपल्या शेतात राबतो, त्याच्या वाट्याला तुरुंगातील अपराध्याइतकेही येत नाही. शिवाय वीस रुपये ही सरासरी. त्यातून कर जायचा, विलायतेस पाठवायची रक्कम जायची, सावकार-जमीनदाराचा हिस्सा जायचा. मग गरिबाच्या हाती उरते काय, हे ज्याचे त्याने पाहावे. सरकारला या प्रश्नाचे सरळ उत्तर देता आले नाही.

दादाभाईंचे नाव सर्वांना ठाऊक आहे. पण आपल्या सोलापूरचे एक मुख्याध्यापक याच कामात आयुष्यभर गढले होते, त्यांची आठवण कोणी काढत नाही. गणेश व्यंकटेश जोशी हे त्यांचे नाव. सरकारी हायस्कुलात नोकरी, त्यामुळे जाहीर सभेत बोलण्याची पंचाईत. तेव्हा त्यांनी पुण्याच्या सार्वजनिक सभेच्या त्रैमासिकातून शेती, जमीनमहसूल, सरकारी खर्च यांवर आकडेवारीने भरलेले लेख लिहिले. १८९७ साली गोपाळ कृष्ण गोखले वेल्बी कमिशनपुढे साक्ष देण्यास विलायतेस गेले, तेव्हा त्यांची आकडेवारीची तयारी जोशी यांनी करून दिली होती. शाळा सुटल्यावर कंदिलाच्या उजेडात सरकारी निळी पुस्तके चाळणारा हा शिक्षक माझ्या डोळ्यांपुढे नेहमी उभा राहतो.

सरकारनेही मग आपले आकडे पुढे केले. १८८२ साली बेअरिंग आणि बार्बर या अधिकाऱ्यांनी दरडोई २७ रुपये काढले. १९०१ साली लॉर्ड कर्झनने ३० रुपये सांगितले आणि देशाची प्रगती चालू असल्याचा निर्वाळा दिला. त्याच वर्षी विल्यम डिग्बी या इंग्रज गृहस्थाने आपल्या ग्रंथात सतरा-अठरा रुपयांचाच हिशेब दिला आणि देश खालावत चालल्याचे म्हटले. एकाच देशाचे, एकाच सुमाराचे हे दोन आकडे! दोघांच्या मध्ये १८९६-९७ आणि १८९९-१९०० हे दोन भयंकर दुष्काळ उभे होते. मला वाटते, कर्झनचे ३० खरे धरले तरी फारसे बिघडत नाही. तीस वर्षांत धान्याचे भावही चढलेले होते. रुपये वाढले म्हणजे भाकरी वाढली असे होत नाही. याच कारणाने पुढच्या काळातले आकडेही जपून वाचावे लागतात. डॉ. व्ही. के. आर. व्ही. राव यांच्या हिशेबाप्रमाणे १९२५ ते २९ या काळात दरडोई उत्पन्न पाऊणशे रुपयांच्या आसपास होते, तेच १९३१-३२ साली साठ-पासष्टावर उतरले. त्यात लोकांच्या गरिबीइतकाच जागतिक मंदीत कोसळलेल्या भावांचाही हिस्सा होता.

भावांचा हा गुंता सोडवून, सर्व वर्षांना एकच माप लावून ज्यांनी हिशेब केले त्यांत अँगस मॅडिसन या अर्थ-इतिहासकाराचे नाव प्रसिद्ध आहे. १९९० सालच्या डॉलरची क्रयशक्ती हे त्यांचे माप. त्या मापाने हिंदुस्थानचे दरडोई उत्पादन १८२० साली ५३३, १८७० साली पुन्हा ५३३, १९१३ साली ६७३ आणि १९५० साली ६१९. इतक्या जुन्या काळच्या आकड्यांत अंदाजाचा भाग मोठा असतो, हे खरे. पण चित्र स्पष्ट आहे. सव्वाशे-दीडशे वर्षांत आगगाड्या आल्या, तारायंत्र आले, मुंबई-सोलापूरला कापडगिरण्या उभ्या राहिल्या, जमशेदपूरला पोलाद वितळू लागले, तरी दर माणशी उत्पादन जवळजवळ होते तेथेच राहिले. १९१३ नंतर तर ते मागे सरले. विलायतेचे दरडोई उत्पादन याच मापाने १८२० साली १७०६ होते ते १८७० सालीच ३१९० झाले होते.

कारणे अनेक सांगता येतील. हातमागाचा व कारागिरीचा ऱ्हास, शेतीत सुधारणा नाही, विलायतेकडे वाहणारा पैसा, परदेशी मालाला मोकळे रान. मला त्यांत एक कारण फार मोठे वाटते : या राज्यात माणूस घडवण्यावर खर्चच झाला नाही. १९५१ च्या शिरगणतीत शंभरांपैकी अठरा माणसे साक्षर निघाली आणि सरासरी आयुर्मान ३२ वर्षांच्या आसपास. १९१८ च्या इन्फ्लुएंझाच्या साथीत एक कोटीहून अधिक माणसे गेली. १९११ ते १९२१ या दशकात देशाची लोकसंख्या वाढायच्या ऐवजी किंचित घटली. १९४३ च्या बंगालच्या दुष्काळात तीस लाखांपर्यंत माणसे मेली असे मानले जाते.

येथे या भागाकाराची एक क्रूर गंमत विद्यार्थ्यांच्या लक्षात आणून द्यावीशी वाटते. माणसे मेली की भाजक लहान होतो आणि सरासरी वर जाते. अर्थशास्त्राच्या वर्गात सांगतात की गोठ्यात वासरू जन्मले तर दरडोई उत्पन्न वाढते, घरात मूल जन्मले तर ते घटते! तेव्हा या आकड्याकडे पाहताना भाज्याबरोबर भाजकाकडेही पाहिले पाहिजे. पुढची तीस वर्षे समजून घ्यायला ही एकच चावी पुरेशी आहे.

स्वातंत्र्यानंतर १९४९ साली सरकारने राष्ट्रीय उत्पन्न समिती नेमली. प्रशांतचंद्र महालनोबिस अध्यक्ष. सभासद होते डॉ. राव आणि पुण्याच्या गोखले अर्थशास्त्र संस्थेचे धनंजयराव गाडगीळ. आपल्या देशात शेतकरी पिकवतो त्यातले बरेचसे स्वतःच खातो, बलुतेदाराला धान्यातच देतो. बाजारात जे येतच नाही त्याची किंमत धरायची कशी, हा समितीपुढचा मोठा पेच. त्यासाठी गावोगाव जाऊन घरोघरी विचारपूस करणारी राष्ट्रीय नमुना पाहणी १९५० पासून सुरू झाली. समितीने १९४८-४९ साठी दरडोई उत्पन्न अडीचशे रुपयांच्या आसपास काढले. महिन्याला वीस-एकवीस रुपये. दादाभाईंचे वर्षाचे वीस, आता महिन्याचे वीस. पण दरम्यान भावही कुठल्या कुठे गेले होते.

मग पंचवार्षिक योजना आल्या. १९५१ ते १९८० या काळात राष्ट्रीय उत्पन्न दर वर्षी सरासरी साडेतीन टक्क्यांनी वाढले आणि लोकसंख्या दोन ते सव्वादोन टक्क्यांनी. वजाबाकी केली की दरडोई वाढ उरते वर्षाला सुमारे सव्वा टक्का. सत्तर या संख्येला वाढीच्या टक्क्यांनी भागले की दुप्पट व्हायला लागणारी वर्षे ढोबळमानाने कळतात. सव्वा टक्क्याने दुप्पट व्हायला छपन्न वर्षे! मुलगा शाळेत जाऊ लागला तो म्हातारा होईपर्यंत. दिल्लीचे अर्थशास्त्रज्ञ प्रा. राज कृष्ण यांनी या मंद वेगाला थट्टेने 'हिंदू वृद्धिदर' असे नाव दिले. त्या नावाचा धर्माशी काहीएक संबंध नाही, आणि मला विचाराल तर ते नाव मुळीच पसंत नाही. ते कारण सांगत नाही, नुसता टोमणा मारते.

ही तीस वर्षे वाया गेली असे हल्ली सर्रास बोलले जाते. वक्तृत्वस्पर्धेत मुलेही ते ठासून सांगतात. या मताशी मी सहमत नाही. १९५१ साली ३६ कोटी असलेली लोकसंख्या १९८१ साली ६८ कोटींवर गेली ती घरटी मुले अधिक जन्मू लागली म्हणून नव्हे. मुले मरेनाशी झाली म्हणून. देवीचा रोग गेला, हिवताप आटोक्यात आला, आयुर्मान बत्तिसावरून पन्नाशीपलीकडे पोचले. आमच्या आजोबांच्या पिढीत दहा बाळंतपणांतून चार-पाच लेकरे हाती लागत. पुढच्या पिढीत ती बहुतेक सगळी जगली. भाजक जवळजवळ दुप्पट झाला, आणि तरीही भागाकार मागे न जाता पुढे गेला. मॅडिसनच्याच मापाने १९५० चे ६१९ हे १९७३ साली ८५३ झाले. आधीच्या सव्वाशे वर्षांत जे झाले नव्हते ते तेवीस वर्षांत झाले. अन्नधान्य १९५०-५१ साली ५ कोटी टनांच्या आसपास पिकले होते, १९८०-८१ साली सुमारे १३ कोटी टन. साक्षरता १८ टक्क्यांवरून ४३ टक्क्यांवर आली. हा पाया नसता तर पुढची इमारत कशावर उभी राहिली असती?

उणिवाही होत्याच. परवान्यांचे जंगल इतके दाट झाले की कारखाना काढणारा माणूस कारखान्यापेक्षा दिल्लीच्या कचेरीत अधिक दिसे. पाऊस रुसला की सगळे गणित कोसळे. १९६५-६६ आणि १९६६-६७ अशी लागोपाठ दोन वर्षे अवर्षणाची गेली, अमेरिकेच्या गव्हावर दिवस काढावे लागले, १९६६ साली रुपयाचे अवमूल्यन झाले. १९७२ चा दुष्काळ तर महाराष्ट्रातल्या घराघरांत अजून बोलला जातो. वडीलधाऱ्यांना मिलो नावाची ती तांबडी परदेशी ज्वारी, सुकडी आणि खडी फोडण्याची कामे विचारून पाहा. १९७३ च्या उन्हाळ्यात राज्यात सुमारे पन्नास लाख माणसे दुष्काळी कामांवर होती. हातातल्या बांगड्या सावरत घरंदाज बायका पाट्या उचलीत होत्या. पण त्या दुष्काळात १९४३ च्या बंगालसारखी माणसे पटापट मेली नाहीत, आणि त्यातूनच आपली रोजगार हमी योजना पक्की झाली. १९७७ साली तिचा कायदा झाला. मागेल त्याला काम, हा हक्क कायद्याने देणारे आपले राज्य पहिले. देशपातळीवर तसा कायदा व्हायला २००५ साल उजाडले.

सरासरीच्या आड काय दडते हेही महाराष्ट्रातच प्रथम ठळकपणे दाखवले गेले. पुण्याचे वि. म. दांडेकर आणि नीळकंठ रथ यांनी १९७१ साली 'भारतातील दारिद्र्य' हा अभ्यास प्रसिद्ध केला. पोटाला पुरेसे अन्न आणि अगदी किमान गरजा भागायला १९६०-६१ च्या भावांनी खेड्यात माणशी महिना १५ रुपये आणि शहरात साडेबावीस रुपये लागतील असे त्यांनी धरले. एवढेही ज्यांच्या वाट्याला येत नव्हते ते खेड्यांत शंभरांत चाळीस आणि शहरांत शंभरांत पन्नास निघाले. दादाभाईंनी तुरुंगातला कैदी मापाला घेतला होता, दांडेकर-रथांनी उष्मांक घेतले. प्रश्न मात्र तोच, की सरासरीत ज्याचे नाव आहे त्याच्या ताटात काय आहे?

१९७९-८० साली दुष्काळ आणि तेलाचे भाव यांनी राष्ट्रीय उत्पन्न पाच टक्क्यांहून अधिक घसरले. तेथून मात्र आलेख वळला. ऐंशीच्या दशकात वाढ साडेपाच टक्क्यांच्या घरात गेली. १९९१ साली सर्व बदलले असे आपण शिकतो व शिकवतो. तारखा पाहिल्या तर वळण त्याच्या दहा वर्षे आधी दिसते. काही परवाने सैल झाले होते, हरितक्रांती पंजाबाबाहेर पसरली होती आणि सरकार कर्ज काढून सढळ हाताने खर्च करीत होते. त्या कर्जानेच पुढे गळ्याशी आणले. १९९१ च्या उन्हाळ्यात परकीय चलन दोन-तीन आठवड्यांच्या आयातीपुरते उरले आणि रिझर्व्ह बँकेला सुमारे ४७ टन सोने विलायतेकडे गहाण ठेवण्यास विमानाने पाठवावे लागले. घरात अडचण आली की दागिना गहाण पडतो. देशाचेही तेच झाले. २४ जुलै १९९१ रोजी डॉ. मनमोहनसिंग यांनी मांडलेला अर्थसंकल्प आणि त्यानंतरची मोकळी धोरणे सर्वश्रुत आहेत, त्यांचा पाल्हाळ येथे नको.

एवढे सांगितले पाहिजे की त्यानंतर भाज्य आणि भाजक दोघेही प्रथमच अनुकूल झाले. उत्पन्न सहा-सात टक्क्यांनी वाढू लागले आणि लोकसंख्येची वाढ उतरत गेली. १९५० च्या दशकात एका स्त्रीला सरासरी सहाच्या आसपास मुले होत. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत हे प्रमाण दोनवर आले. दरडोई वाढ चार-पाच टक्के झाली म्हणजे दुप्पट व्हायला छपन्नाऐवजी चौदा ते अठरा वर्षे. आजच्या दहावीतल्या मुलाच्या आईवडिलांनी आपल्या आयुष्यात जेवढा बदल पाहिला तेवढा त्यांच्या पणजोबांच्या चार पिढ्यांनी पाहिला नव्हता. २०११-१२ हे पायाभूत वर्ष धरलेल्या मालिकेप्रमाणे दरडोई उत्पन्न त्या वर्षी सुमारे ६३ हजार रुपये होते, ते २०२४-२५ साली चालू भावांनी २ लाखांच्या आसपास गेले. तिपटीहून अधिक! मात्र भाववाढ वजा केली की तेच १ लाख १५ हजारांच्या आसपास उरते, म्हणजे पावणेदोन पट. वर्तमानपत्रात आकडा वाचताना तो चालू भावांचा की स्थिर भावांचा हे न पाहणारा वाचक दर वेळी फसतो. स्थिर भावांनी १९५०-५१ पासून आजवरची वाढ मोजली तर ती आठ-नऊ पट भरते. मध्ये २०२०-२१ साली करोनाच्या टाळेबंदीत एकंदर उत्पादन सुमारे सहा टक्क्यांनी खाली गेले होते, १९७९-८० नंतर प्रथमच.

आणि तरीही चीनकडे पाहिले की मान खाली जाते. १९८० च्या सुमारास दोन्ही देशांचे दरडोई उत्पन्न जवळपास सारखे होते. २०२३ साली चीनचे साडेबारा हजार डॉलरच्या आसपास, आपले अडीच हजार. पाच पट. चीनने उद्योगांना मोकळीक आपल्या आधी दिली, हे कारण सगळे सांगतात. पण अमर्त्य सेन यांनी दाखवलेली दुसरी बाजू शिक्षणसंस्थेच्या स्मरणिकेत तरी सांगितलीच पाहिजे. धोरणे बदलली तेव्हा चीनमधील प्रौढांपैकी सुमारे दोन-तृतीयांश लिहू-वाचू शकत होते, आणि आपल्याकडे निम्मेही नाहीत. कारखान्याचे दार उघडले तेव्हा त्यांच्या मुली वाचता येणाऱ्या कामगार म्हणून आत गेल्या. आपल्या बहुसंख्य मुली तोवर शाळेच्या दारातूनच परत फिरल्या होत्या.

मुलींचा विषय निघाला म्हणून पुन्हा भागाकाराकडे येतो. भाजकात प्रत्येक डोके मोजले जाते : तान्हे मूल, आजी, चूल सांभाळणारी सून, सर्व. भाज्यात मात्र ज्या कामाचा बाजारात दाम ठरतो तेच जवळजवळ सारे येते. हॉटेलात लाटलेली चपाती राष्ट्रीय उत्पन्नात जमा, घरी लाटलेली नाही. २०१९ साली सरकारने लोकांच्या वेळेची पाहणी केली. घरकाम करणाऱ्या स्त्रिया त्यात दिवसाला सरासरी २९९ मिनिटे घालवतात असे आढळले, आणि जे थोडे पुरुष घरकाम करतात ते ९७ मिनिटे. पाच तासांची ही रोजची मेहनत भाज्यात शून्य. सायमन कुझ्नेट्स, ज्यांनी अमेरिकेचे राष्ट्रीय उत्पन्न मोजण्याची रीत बसवली, त्यांनी १९३४ सालीच बजावले होते की या आकड्यावरून लोकांच्या सुखाचा अंदाज बांधू नये. १९९० साली महबूब उल हक यांनी सेन यांच्या साहाय्याने मानवी विकास निर्देशांक पुढे आणला तो याच कारणाने : उत्पन्नाबरोबर आयुर्मान आणि शिक्षणही मोजा.

वर्गात एक प्रश्न हमखास येतो, विशेषतः कोकणातल्या मुलांकडून. "सर, अब्बा कुवेतला आहेत, त्यांचा पगार आपल्या दरडोई उत्पन्नात येतो का?" उत्तर ऐकून मुले हिरमुसतात. वर्षाहून अधिक काळ परदेशी राहून काम करणाऱ्याची मेहनत त्या देशाच्या उत्पादनात जमा होते. तो जो पैसा घरी पाठवतो ती हिशेबाच्या भाषेत भेट, कमाई नव्हे. राष्ट्रीय उत्पन्नात ती धरत नाहीत. पण त्या पैशातून गावी घर बांधले की गवंड्याची मजुरी आणि चिऱ्याची किंमत आपल्या उत्पादनात येते. आणि शिरगणतीच्या दिवशी अब्बा येथे नसतात, म्हणून ते भाज्यातही नाहीत आणि भाजकातही नाहीत. २०२२ साली अशा परदेशस्थ भारतीयांनी ११० अब्ज डॉलरहून अधिक रक्कम मायदेशी पाठवली. एवढी मोठी रक्कम, आणि आपल्या आकड्यात तिची सावलीच तेवढी दिसते!

देशाच्या आतली दरीही कमी नाही. बिहारचे दरडोई उत्पन्न देशाच्या सरासरीच्या एक-तृतीयांशाच्या आसपास. आपल्या महाराष्ट्राला श्रीमंत राज्य म्हणतात, पण त्यात मुंबई आहे आणि नंदुरबार, वाशीम, गडचिरोलीही आहेत. मुंबईचा आकडा या जिल्ह्यांच्या सुमारे तिप्पट भरतो. अधिकाऱ्यांच्या ज्या सरासरीवर दादाभाई चिडले होते ती आता कोणी करीत नाही, जिल्ह्यांना योग्य ते वजन दिले जाते. तरी सरासरी ती सरासरीच.

राहता राहिला भाजक. १८८१ पासून आपल्याकडे दर दहा वर्षांनी शिरगणती होत आली. १९४१ साली महायुद्ध पेटले असतानाही ती चुकली नाही. २०२१ ची मात्र महामारीमुळे लांबली आणि पुढे २०२७ साठी जाहीर झाली. त्यामुळे २०११ नंतरचे आपले सर्व दरडोई आकडे अंदाजाच्या लोकसंख्येने भागलेले आहेत. दादाभाईंनी १७ कोटींनी भागले, तेव्हाही देशभर एकाच वेळी झालेली शिरगणती त्यांच्या हाताशी नव्हती.